निनाद वाचतो आणि मी जळते

आमच्या स्टुडिओत काहीही हरवतं. कात्री हरवते, पेनड्राइव्ह हरवतो, क्लायंटने पास केलेली फायनल फाइल तर हमखास हरवते. किस्सा मात्र आजवर एकही हरवलेला नाही. चहाच्या टेबलावर एकाने सांगितला की दुसरा त्यात भर घालतो, आणि शेवटी तो इतका फुगतो की ज्याचा किस्सा आहे तोच विचारतो, "असं झालं होतं होय?"

आमच्याकडचे निम्मे किस्से निनादचे. बाकीचे लोक ते त्याला डोक्यावर घेऊन सांगतात, म्हणून आज मी सांगते. मी वैशाली, कर्वे रस्त्याच्या मागच्या गल्लीतल्या या डिझाइन स्टुडिओतली सगळ्यात जुनी डिझायनर. आणि आधीच सांगून टाकते, मी निनादवर जळते. 'कौतुक वाटतं हो' वगैरे काही म्हणणार नाही.

जळायला कारण होतं. आमच्या सरांना क्रिएटिव्ह हेड नेमायचा होता. म्हणजे काचेची केबिन, दारावर नाव आणि क्लायंटपुढे शेवटचा शब्द आपला. ती खुर्ची मी मनातल्या मनात केव्हाच झाडूनपुसून ठेवली होती. आणि नेमका तेव्हा हा निनाद आला. माझ्याहून चांगला दहाएक वर्षांनी लहान, अंगात चुरगळलेला कुर्ता, खांद्याला झोळी आणि झोळीत पुस्तकं.

* * *

पहिल्याच आठवड्यात डबे उघडले, तर हा एका हाताने पोळी तोडतोय आणि दुसऱ्या हाताने पान उलटतोय. अकाउंट्सच्या प्रज्ञाताईंना राहवलं नाही.

"काय वाचतोयस रे?"

"लेण्यांमध्ये भिक्खूंना झोपायला दगडी ओटे असायचे ना, त्यांच्यावर आहे."

"जेवताना झोपायचं वाचतोस?"

"हो. झोपताना स्वयंपाकाचं वाचतो."

सगळे हसले. प्रज्ञाताईंनी तर स्वतःच्या डब्यातलं भरलं वांगं त्याच्या डब्यात घातलं. इतकी वर्षं मी त्यांच्या शेजारी बसून जेवतेय, मला त्यांनी वांग्याचा देठसुद्धा विचारलेला नाही.

* * *

लोणी काळभोरचे एक गूळवाले आले होते. तात्या म्हणायचे त्यांना. ऊस त्यांचा, गुऱ्हाळ त्यांचं, आता ब्रँड काढायचा होता. मी डब्याची तीन डिझाइनं केली होती. ऊस, सूर्य, बैल, हसरं कुटुंब, सगळं होतं त्यात. निनादच्या डब्यावर खाली कोपऱ्यात गुळाचा एक खडा. बाकी काहीच नाही.

तात्यांनी डबा फिरवून फिरवून पाहिला. "बाकीचं छापायचं ऱ्हायलंय का?"

निनाद सुरू झाला. जपानात जुने कुंभार भांड्याचा काही भाग मुद्दाम कोरा कसा सोडायचे, आपल्याकडे गाणारा मध्येच थांबतो तेव्हा आपण जास्त लक्ष देऊन कसं ऐकतो, आणि मोकळ्या जागेला स्वतःचं वजन कसं असतं. मी टेबलाखाली पाय हलवत होते. मनात म्हटलं, बोल बाबा, अजून बोल, गेलं हे काम तुझ्या हातून.

तात्या शांतपणे म्हणाले, "मोकळ्या जागंचं आमाला नका सांगू. हायवेला आमची मोकळी जागा हाय, रोज एक बिल्डर दारात बसलेला असतोय."

मी जोरात हसले. सरही हसले. तात्या मात्र हसले नाहीत. त्यांनी निनादचा डबा उचलला आणि बगलेत मारला.

"ह्योच घ्या. म्याडमचा डबा चांगला हाय, पर गूळ सपला की मंडळी तो फेकून देनार. ह्यात डाळ ठिवतील."

त्या दिवशी मी चहा घेतला नाही. ॲसिडिटी झालीय म्हणून सांगितलं, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं.

* * *

सरांची एक पद्धत आहे. सोमवारी सकाळी एकाने कामाशी अजिबात संबंध नसलेल्या विषयावर दहा मिनिटं बोलायचं. आम्ही त्याला रतीब म्हणतो. निनाद यायच्या आधी कोणी लडाखचे फोटो दाखवायचं, कोणी पनीर कसं ओळखावं ते सांगायचं, आणि सुखाने आठवडा सुरू व्हायचा.

निनादने पहिल्या रतिबाला घाटाच्या पायऱ्यांवर भाषण केलं. नदीकाठची पायरी किती उंच हवी हे कोण ठरवायचं, बसणारा, धुणं धुणारा की दहावं करायला आलेला. पुढच्या वेळी सावल्यांच्या बाहुल्या. त्याच्या पुढच्या वेळी मरण या विषयावर निरनिराळ्या लोकांचं काय म्हणणं होतं. सोमवारी सकाळी! आणि सर खुर्चीच्या टोकावर बसून ऐकत होते. दहा मिनिटांची वीस झाली तरी घड्याळाकडे बघेनात.

माझी पाळी आली तेव्हा मी तयारी करून गेले. बाजारात आलेले नवे कागद, त्यांची जाडी, कुठल्या कागदावर शाई पसरते. नमुने आणले होते, ते फिरवले.

सर म्हणाले, "छान. उपयुक्त."

पुण्यात कोणी तुम्हाला उपयुक्त म्हटलं की समजावं, आपलं नाव पंखा, माठ आणि छत्री यांच्या शेजारी लिहिलं गेलं.

* * *

मग मीही ठरवलं, आपणही वाचायचं. त्यात काय मोठंसं. शनिवारी बुधवार पेठेत गेले, पुस्तकांच्या दुकानात शिरले आणि म्हटलं, "तत्त्वज्ञानावरचं एखादं चांगलं दाखवा."

काउंटरवरचे काका चष्म्यावरून बघत म्हणाले, "भेट द्यायचंय?"

"नाही, मलाच हवंय."

त्यांनी एक जाडजूड पुस्तक काढलं, त्यावरची धूळ माझ्या दिशेने झटकली आणि म्हणाले, "बदलून मिळणार नाही. आत्ताच सांगतो."

घरी आणून टेबलावर ठेवलं. मिलिंदने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, ते उचलून वजन पाहिलं. "बरं झालं आणलंस. फ्रिज डाव्या बाजूला हलतोय."

मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. प्रामाणिकपणे वाचत होते. पण प्रस्तावनेतच लेखकाने लिहिलं होतं की या प्रस्तावनेची खरं तर गरज नाही, आणि पुढे ती संपतच नव्हती. फ्रिज आता हलत नाही.

* * *

वाचून झालेली पुस्तकं निनाद स्टुडिओतल्या कपाटात ठेवायचा, कोणालाही घ्यायला. एकदा सहज एक काढलं तर आत काही वाक्यांखाली रेघा. आणि कशा, तर स्टीलची पट्टी लावून, टोकदार पेन्सिलीने, केसासारख्या बारीक आणि एकदम सरळ. डिझायनर तो डिझायनरच.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आख्खं पुस्तक कोणी सांगितलंय वाचायला? त्याने गाळून ठेवलेलाच आहे, आपण नुसता चहा प्यायचा. मी रेघा मारलेली वाक्यं तेवढी वाचायला लागले. रिक्षात वाचायची, कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता पाठ करायची. एक निळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक तर मी अशा पद्धतीने एका संध्याकाळी संपवलं.

तेवढ्यात लक्ष्मी रोडवरच्या साड्यांच्या एका जुन्या दुकानाच्या मालकीणबाई आल्या. त्यांना दुकानाचं सगळं रूप बदलायचं होतं. पिशव्या, पाटी, खोकी, मोठं काम. सरांनी मला आणि निनादला दोघांनाही बसवलं. हेड कोण हे या कामावर ठरणार, असं प्रज्ञाताई सकाळीच कानात सांगून गेल्या होत्या.

निनाद तोंड उघडायच्या आत मी सुरुवात केली. म्हटलं, "कसं असतं ना, वस्तूवर नक्षी आली की वस्तू खोटं बोलायला लागते. सजावट म्हणजे लपवाछपवी."

सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, प्रभाव पडला.

मालकीणबाईंनी स्वतःच्या पैठणीचा पदर हातात घेतला, त्याच्याकडे पाहिलं आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, "म्हणजे आमच्या चार पिढ्या खोटे मोर विकतायत म्हणता?"

निनादने सावरून घेतलं. मोर पदरावर आला कसा, विणकराच्या घरी त्याला काय मान असतो, असं काहीबाही बोलत राहिला. जाताना मालकीणबाई त्याला म्हणाल्या, "दिवाळीच्या आत आईला घेऊन या दुकानात." मला म्हणाल्या, "येते हं." बस्स.

जिन्यात निनाद म्हणाला, "वैशालीताई, ते नक्षीचं तुम्ही त्या निळ्या पुस्तकातलं सांगितलंत ना? मला वाटलं होतं तुम्हीपण वाचलं असेल तर आपण दोघं मिळून त्या लेखकाला धुऊ."

"धुऊ म्हणजे? तूच तर त्याच्याखाली रेघ मारलीयस."

"हो. मला पटत नाही त्याच्याखाली मी रेघ मारतो. पटलेल्याला कशाला मारायची? ते लक्षात राहतंच की."

म्हणजे मी कितीतरी दिवस रिक्षात बसून काय पाठ करत होते, तर निनादला न पटलेलं सगळं.

* * *

आणि तरीही ऐका. पुढच्याच महिन्यात सरांनी मला आत बोलावलं.

"हेडचं ठरवलंय. खरं सांगू का, आधी निनादला विचारलं होतं."

मी म्हटलं, "बरोबर आहे, सर."

"तो म्हणाला, विचार करून सांगतो. अजून करतोय. अधिकार म्हणजे काय, यावर त्याने मला एक पुस्तकही आणून दिलं. तुझं काय म्हणणं?"

"मी तयार आहे, सर."

"बघ. हेड असाच लागतो. ज्याला फार प्रश्न पडत नाहीत."

मी "थँक्यू सर" म्हटलं आणि बाहेर आले. हे कौतुक होतं की काय होतं, ते मी घरी जाऊन मिलिंदला विचारलं. तो म्हणाला, "केबिन मिळाली ना? मग झालं."

केबिन मिळाली. तिला खिडकी नाही, हे आत बसल्यावर कळलं. माझी जुनी खिडकीजवळची जागा निनादला दिली, वाचायला उजेड बरा पडतो म्हणून. काचेतून मला तो समोरच दिसतो. परवा वाचता वाचता एकटाच हसत होता. एखाद्या पानावर माणूस इतका का हसत असेल, या विचारात माझी दुपार गेली.

* * *

हा शेवटचा किस्सा. हा अजून चहाच्या टेबलावर कोणी सांगितलेला नाही, कारण मी कोणाला कळूच दिलेला नाही. प्रज्ञाताई सोडून.

मी हेड झाले तेव्हा स्टुडिओतर्फे मला भेट दिली. काय, तर पुस्तक. नक्षीकामाचा इतिहास, जाड कागदावर, रंगीत चित्रं. सरांनी पहिल्या कोऱ्या पानावर स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, 'वैशाली, या खुर्चीवर तुझ्याइतका हक्क दुसऱ्या कोणाचाच नव्हता.' मग ते पुस्तक सह्यांसाठी प्रत्येकाच्या टेबलावर फिरलं. टाळ्या झाल्या, पेढे झाले. निनादने दोन पेढे खाल्ले आणि "मनापासून अभिनंदन, ताई" म्हणाला. चेहरा अगदी सरळ होता.

घरी येऊन मी ते पान पुन्हा उघडलं. सरांच्या त्या वाक्याखाली पेन्सिलीची एक रेघ होती.

दुसऱ्या दिवशी मी प्रज्ञाताईंना केबिनमध्ये बोलावून पान दाखवलं. त्यांनी चष्मा लावून पाहिलं, मग काचेतून खिडकीकडे पाहिलं, मग पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं.

"अगं, सरांनीच मारली असेल आधी," त्या म्हणाल्या. "लिहिताना ओळ वाकडी जाऊ नये म्हणून."

सरांची ओळ कात्रजच्या घाटासारखी वर चढत गेलीय. रेघ सरळ आहे.