डिकीतला घड आणि ब्रेकचा दिवा

फैजपूरहून शिंदखेड्याला जायचं असेल, तर यावल, चोपडा, शिरपूर असा रस्ता धरा. यावलपर्यंत दोन्ही बाजूंना केळीच्या बागा आहेत, पुढे नुसते खड्डे. निदान आम्ही नव्वदच्या आसपास गेलो तेव्हा तरी होते. फिरायला कुठले जातोय म्हणा! नानाकाका शेवटच्या घटका मोजतायत, अक्काला लवकर आणा, असा निरोप आला होता. अक्का म्हणजे माझी आत्या, फैजपूरला दिलेली, आणि नानाकाका तिचा पाठचा भाऊ.

फियाट तिच्या दारात लावली, तर बाईनं बागेतून ताजा घड कापून आणवलेला!

"अगं अक्का, त्यांना पाणी उतरत नाही. केळी कोण खाणार?"

"मंग रिकामा हाते माहेरले जाऊ का?"

घड डिकीत गेला. खाली पोतंही अंथरलं नाही. जन्म केळीत गेलेल्यांना चिकाचं काय कौतुक!

चोपड्याच्या अलीकडे बैलगाडी आडवी आली. मी कचकन ब्रेक दाबला आणि मागचा ट्रक आम्हाला टेकता टेकता राहिला. ड्रायव्हर उतरून कडाडला, "ब्रेकचा दिवा लागत नाही तुमचा! स्वतः मराल आणि मला जेलात धाडाल!"

दिवस कलत होता आणि पुढे आग्रा रोड होता. असं जाणं म्हणजे मरणच. गाडी बाजूला घेतली, अक्काला माझ्या जागी बसवून पाय ब्रेकवर ठेवायला लावला आणि मी मागे. बल्ब बदलला, काही नाही. फ्यूज बदलला, तेच. अक्का आतून ओरडली, "मना भाऊ वाट दखी ऱ्हायना, आनि तू दिवा दखी ऱ्हायना!" खरंच होतं, भाऊ तिकडे वाट बघत होता आणि मी इथे दिवा.

शेवटी घड उतरवला, तेव्हा कळलं. कापलेल्या दांड्यातून ठिबकलेला चीक डिकीतल्या वायरींच्या जोडात उतरून बसला होता. ब्लेडनं खरवडून खरवडून जोड साफ केला. अक्कानं पुन्हा पाय दाबला आणि दोन्ही दिवे लागले.

"काय व्हयनं व्हतं रे?"

तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणालो, "बल्ब गेला होता."

शिरपूरवरून सावळद्याच्या पुलानं तापी ओलांडली, नरडाण्याला वळलो. शिंदखेड्यात पोचलो, तर अंगणात माणसं खाली माना घालून बसलेली. काकू अक्काच्या गळ्यात पडल्या. "आत्तेच गया वं. शेवटलोंग इचारे, अक्का उनी का, अक्का उनी का." शेवटपर्यंत 'अक्का आली का' हेच विचारत होते, हे ऐकून अक्का मटकन खाली बसली. घड डिकीतच राहिला.

परतल्यावर डिकी साबणानं धुतली, रॉकेलनं पुसली. चिकाचे काळे डाग काही निघाले नाहीत. गाडी विकली तेव्हाही तसेच होते.

अक्का आता थकलीय. मी भेटायला गेलो, की अजून हात धरून म्हणते, "त्या मेला बल्बनी मना भाऊनं जितं तोंड दखू दिधं नही."

मीही म्हणतो, "हो अक्का, बल्बच मेला."