हळदीचा माईक

आमच्या खानदानात अक्काबद्दल एक वाक्य पाठ होतं: अक्काचा आवाज पोचत नाही. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आवाज गोड, पण बारीक. भाकरी थापता थापता ती काही म्हणायला लागली की चुलीपाशी बसलेल्याचं जेवण दोन घास वाढायचं, आणि ओसरीवर बसलेल्याला पत्ताही लागायचा नाही. तरी तिला मंगलाष्टकं रचायचा नाद. घरात कुणाचं लग्न ठरलं की तिचं मंगलाष्टक साखरपुड्याच्या आधी तयार असायचं. आणि लग्नात ती पुढं सरकली की कुणीतरी म्हणायचंच, "ऱ्हाऊ दे अक्का, तुझा आवाज पोचत न्हाय." कुणीतरी म्हणजे बहुतेक वेळा मीच.

मला ते बोलायचा अधिकार होता, कारण माझा आवाज पोचतो. मी भूगोलाचा मास्तर. सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत झाली. मी चौथीला नद्या शिकवल्या की भिंतीपलीकडच्या सहावीलाही पाठ व्हायच्या. माईक हे यंत्र देवानं ज्यांना गळा दिला नाही त्यांच्यासाठी आहे, असं माझं मत होतं आणि थोडंफार अजून आहे. शिवाय आमच्याकडच्या लग्नातला माईक म्हणजे सार्वजनिक नळ. ज्याच्या हाती लागला तो सोडत नाही. आधी त्यात फुंकायचं, मग बोटानं टिचक्या मारायच्या, मग "हॅलो, हॅलो", आणि मग आजी सरपंच, माजी सरपंच आणि पुढच्या वेळी उभं राहणार असलेले सरपंच यांचं स्वागत. एवढं होईतो मुहूर्त टळायला येतो आणि बायकांच्या गर्दीतून अक्का स्टेजपर्यंत पोचते तेव्हा बँडवाला तोंडाला सनई लावून बसलेला असतो.

पुतण्याच्या लग्नात तर कहर झाला. अक्का माईकसमोर उभी राहिली, पहिली ओळ म्हणाली, आणि सोसायटीच्या चेअरमननी "एक मिनिट हं ताई" म्हणून तिच्या हातातून माईक काढून घेतला. त्यांना वधूवरांना आशीर्वाद द्यायचे होते. आशीर्वाद संपले तेव्हा अंतरपाट खाली आला होता. अक्का तोंडातल्या तोंडात मंगलाष्टक पुरं करत राहिली. त्या दिवशी ती जेवली नाही.

माझ्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा ती घरी आली आणि पाणी प्यायच्या आधीच म्हणाली, "तुझ्या लेकीच्या लग्नात म्या म्हणणार. पोरीच्या कानावर पडलं पायजे. न्हाय पडलं, तर ह्याच्यापुढं कुणाच्या लग्नात तोंड उघडणार न्हाय."

ही धमकी नव्हती, हीच पंचाईत होती. एकदा दाजी तिच्या चहाला काही बोलले, तेव्हापासून तिनं चहा सोडला तो अजून सोडलेलाच आहे. मंगलाष्टक सोडलं असतं तर चूल गप्प झाली असती, आणि ते मला सहन झालं नसतं. मी मास्तर असलो तरी चुलीपाशी बसणाऱ्यांपैकीच होतो.

म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा माईक घ्यायला निघालो. वायरचा माईक कुणीही ओढून नेतो, तेव्हा बिनवायरचाच घ्यायचा, दोन माईकचा. एक गुरुजींच्या हातात, दुसरा सकाळपासून अक्काच्या हातात. चेअरमन असो की आमदार, त्याला हात लावू द्यायचा नाही. कळंबच्या बाजारात साउंडचं सामान विकणारे एक चाचा आहेत. त्यांनी एक खोकं काढून पुढ्यात ठेवलं.

"मास्तर, वायर का जमाना गया. ये लेव. स्टेज पे पकडो, रोड पे पकडो, आवाज बराबर आता."

"चालतो का पण चांगला?"

"अहो, कालच येरमाळ्याच्या एका कार्यालयवाल्यानं नेला. हाच. डिट्टो!"

आमच्याकडं याच्याहून मोठं प्रमाणपत्र नसतं. बियाणं असो, बोअरची मोटार असो, नाहीतर जावई असो, शेजारच्यानं काय केलं ते पाहूनच माणूस निर्णय घेतो. शेजारच्यानं नेलेलीच वस्तू आपण नेली तर काय होतं, याचा विचार कुणी करत नाही. मीही केला नाही.

घरी खोकं उघडलं. बिनवायरच्या सेटमधून सगळ्यात आधी वायरच निघाली. मग दोन शिंगांची एक चपटी पेटी. हिला रिसीव्हर म्हणतात. माईकमधला आवाज हवेतून हिच्यात येतो आणि हिच्यातून वायरीनं अॅम्प्लिफायरला जातो. पेटीवर दोन बटणं होती, एकेका माईकचा आवाज कमीजास्त करायला, आणि कुठलं बटण कुठल्या माईकचं ते खाली बारीक अक्षरात लिहिलेलं. मी सेल घालून माईक चालू करणार, तोच अक्का ताट घेऊन आली.

"नवी वस्तू हाय. पूजा केल्याबिगर चालू करायची न्हाय."

आमच्या घरात ट्रॅक्टरपासून मिक्सरपर्यंत सगळ्यांची पूजा झालेली आहे, तेव्हा माईकवर अन्याय करून चालणार नव्हतं. अक्कानं एका माईकला कुंकू लावलं, दुसऱ्याला हळद लावली. पेटीवर मात्र हात सैल सोडून हळदकुंकू दोन्ही वाहिलं, वर पाण्याचं बोट फिरवलं. नारळ फोडला तेव्हा पेटीवर पाणी उडू नये म्हणून मी मधे अंग घातलं आणि सदरा भिजवून घेतला. पेटी वाचवल्याच्या आनंदात, तिच्यावरची बारीक अक्षरं हळदकुंकवाच्या चिखलाखाली गेली आहेत हे माझ्या ध्यानातच आलं नाही. तेव्हा त्याची गरजही वाटली नाही, कारण दोन्ही बटणं मी सारखीच वर केली होती. कुंकवाचा माईक गुरुजींचा, हळदीचा अक्काचा, एवढं ठरलं.

मग रंगीत तालीम. पेटी आणि स्पीकरचा डबा ओसरीवर, मी त्यांच्याजवळ, आणि अक्का हळदीचा माईक घेऊन विहिरीकडं चालू लागली. तिनं माईक लाटण्यासारखा धरला होता आणि खालच्या टोकावर पदर गुंडाळला होता. आवाज तुटायला लागला. माईकच्या खालच्या टोकातून आवाज हवेत सुटतो, तिथं मूठ आवळायची नसते.

"अक्का, शेपटी सोड!" मी ओरडलो.

"सोडली!" डब्यातून उत्तर आलं. "म्हशीनं बी एवढा तरास दिला न्हाय."

विहिरीच्या कडेला उभी राहून ती मंगलाष्टक म्हणायला लागली. माहेरची विहीर आटली तरी माहेर आटत नाही, अशा अर्थाचं काहीतरी होतं. दोन ओळींवरच ती थांबली. मला वाटलं सेल गेले. पण ती तिथंच उभी होती, घराकडं तोंड करून. परत आली तेव्हा डोळे ओले.

"एवढा मोठा हाय व्हय माझा आवाज?"

मी पेटीची वायर गुंडाळायला घेतली.

लग्न येरमाळ्याला हायवेवरच्या कार्यालयात होतं. कार्यालय म्हणजे तीन बाजूंनी उघडं पत्र्याचं शेड. रस्त्याच्या पलीकडं, अगदी समोरासमोर, तसलंच दुसरं कार्यालय आणि त्यातही लग्न. मुहूर्त एकच, कारण पंचांग एकच. त्यांनी वरातीसाठी आणलेले मोठे डबे रस्त्याकडं तोंड करून ठेवले होते. मी टेबलावर पेटी मांडली, जोडणी केली आणि गुरुजींना बजावलं की श्लोक संपला की माईकचं बटण बंद करा, सेल वाचतात. हे सेल वाचवणं मला फार महागात पडलं.

आमच्याकडच्या लग्नात मागं बसलेल्या माणसाला स्टेजवरचं काही दिसत नाही. पुढं फेटे, त्यांच्यापुढं फोटोग्राफर. तो कानानं लग्न लावतो. मुठीत ज्वारीच्या अक्षता, आणि "सावधान" ऐकू आलं की टाकायच्या. गुरुजींनी पहिला श्लोक म्हटला, अक्षता पडल्या, गुरुजींनी आज्ञाधारकपणे माईक बंद केला. ते घसा खाकरत होते तेवढ्यात आमच्याच डब्यातून खणखणीत आवाज आला, "शुभमंगल सावधान!" धडाधड अक्षता पडल्या. गुरुजी बावरून वर बघायला लागले. त्यांनी घाईनं दुसरा श्लोक म्हटला, पुन्हा बटण बंद, आणि पुन्हा डब्यातून "सावधान!" पुन्हा अक्षता. मागून एक म्हातारा म्हणाला, "मास्तर, जरा दमानं घ्या की. मूठ मोकळी झाली!"

चाचांचा "डिट्टो" तेव्हा कुठं माझ्या डोक्यात वाजला. समोरच्या कार्यालयात तोच सेट होता. आमचा कुंकवाचा माईक बंद झाला की त्यांच्या गुरुजींचा माईक रस्ता ओलांडून आमच्या पेटीत शिरत होता. त्यांचे गुरुजी झपाट्याचे होते. त्यांनी शेवटचा श्लोक म्हटला असता तर आमचा बँड वाजला असता, पब्लिक पंगतीला पळालं असतं आणि माझी पोरगी अंतरपाटाआडच राहिली असती. आणि अक्काचं तर अजून व्हायचं होतं. ती स्टेजवर उभी होती, हळदीचा माईक दोन्ही हातात, शेपटी मोकळी, डोळे मिटलेले. गुरुजींनी तिला खूण केली.

मी कुंकवाचं बटण खाली ओढायला गेलो आणि पेटीकडं बघितलं. अक्षरांच्या जागी दोन सारखेच लालपिवळे डाग. चष्मा पोरीच्या मामाकडं. मी येरमाळ्याच्या येडाईदेवीचं नाव घेतलं आणि एक बटण पार शून्यावर नेलं.

अक्काचे ओठ हलायला लागले. डबा मुका. मी हळदीचं बटण ओढलं होतं. परत वर करायला गेलो तर घामेजलेल्या बोटांना हळदकुंकू लागून ते ओलं बटण वर सरकेचना, नुसतं गुळगुळीत घसरायचं. पहिल्या रांगेत चेअरमन होतेच. ते उठून शेजाऱ्याला म्हणाले, "आवाज पोचंना बघा," आणि स्टेजकडं निघाले. मला रडू यायचं तेवढं राहिलं होतं.

आणि तेवढ्यात हायवेवरून अक्काचा आवाज आला.

समोरच्यांचा दुसरा माईक बंद होता, पण त्यांच्या पेटीतलं त्याचं बटण वर होतं, आणि आमच्या हळदीच्या माईकचं बटणही तेच. त्यांच्या त्या दांडग्या डब्यांतून, बारीक नाही, चांगला भरघोस, अक्काचा आवाज रस्ता ओलांडून आमच्या शेडमध्ये शिरला. आमचं अख्खं पब्लिक मान वळवून हायवेकडं बघायला लागलं. चेअरमन मधेच उभे राहिले. हिसकून घ्यायचा माईक स्टेजवर आणि आवाज रस्त्यापलीकडं, त्यांना कुठं जावं ते कळेना. त्यातच गुरुजींचा माईक बंद असल्यानं आमच्या डब्यातून समोरचे गुरुजी ऐकू आले, "अहो, ही कोण बाई आहे? नावं भलतीच घेतीय!" आणि त्यांच्यामागून एका म्हातारीचा आवाज, "म्हणू द्या वं. ग्वाड म्हणतीय. थांबा जरा."

आणि खरंच, समोरचं लग्न थांबलं. अक्काला यातलं काही ठाऊक नव्हतं, ती डोळे मिटून म्हणत होती. विहिरीची ओळ आली तेव्हा अंतरपाटाआड माझ्या मुलीनं मान वर केली, आधी रस्त्याकडं बघितलं, मग आत्याकडं, आणि मग मुंडावळ्या सावरायच्या निमित्तानं डोळे पुसले. अक्कानं "सावधान" म्हटलं. अक्षता रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पडल्या. आमच्या म्हाताऱ्यानं मूठ रिकामी होती म्हणून नुसताच हात उडवला.

जेवणं चालू असताना समोरच्या लग्नातली ती म्हातारी, म्हणजे त्यांच्या नवरीची आजी, एसटीला हात करून थांबवत रस्ता ओलांडून आली. हातात खण आणि नारळ. "आमच्या लग्नात म्हणलं, मंजी मान आमी द्यायला पायजे," असं म्हणून तिनं अक्काची ओटी भरली.

"काय ग्वाड म्हणलं बाई तुमी! पार मागं आचाऱ्यापस्तोर आवाज पोचला बगा."

मी पंगतीत बुंदी वाढत होतो. अक्कानं माझ्या कोपराला धरून मला पुढं ओढलं.

"आजी, तेवढं शेवटचं परत एकदा म्हणा. ह्यो माझा भाऊ. ह्याला पोचत न्हाय."

आजीनं माझ्याकडं दयेनं बघितलं. मग माझ्या कानाशी तोंड आणून, बहिऱ्याशी बोलावं तशी, ती सगळ्या पंगतीला ऐकू जाईल एवढ्या जोरात ओरडली, "आवाज पोचला म्हणलं, आवाज!"