विकलेल्या घरातलं बाळंतपण

नोकरीसाठी पुण्याच्या गाडीत बसवताना अण्णा म्हणाले होते, "बिनघोर जा. घर कुठं पळून जाऊन राह्यलं?" दोन वर्षांत त्यांनीच ते विकलं. जिना चढणं होईना, म्हणून आईला घेऊन ते जालन्यातच लिफ्टच्या फ्लॅटमध्ये गेले आणि अंबड रोडच्या आमच्या घरावर एका डॉक्टरीणबाईंच्या प्रसूतिगृहाची पाटी लागली. मला कळवलं ते व्यवहार झाल्यावर. गाव सोडलेल्यांनो, मला किती राग आला ते तुम्हालाच कळेल. आपण खुशाल बाहेर राहायचं, पण घर मात्र जागच्या जागी आपली वाट बघत उभं पाहिजे!

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्या महिन्यात आले. आल्या आल्या बजावलं, त्या दवाखान्यात मी पाऊल टाकणार नाही.

"मंग न्हाई नेत," आई म्हणाली. नाव दुसरीकडे घातलं. पण कळा आल्या वेळेआधी, भर दुपारी, आणि तिथल्या बाई नेमक्या परगावी. आईनं रिक्षावाल्याला अंबड रोड सांगितला. भांडायला माझ्यात त्राण नव्हतं.

मला नेलं ते थेट आमच्या स्वयंपाकघरात. ओटा गेला होता, भिंतींना टाइल्स आल्या होत्या. उकाड्यानं जीव चालला होता आणि सिस्टर परसाकडच्या खिडकीशी झटत होती. "बिलकुल उघडत न्हाई हो ही!"

"वर उचला, मग ढकला!" मी ओरडले. खिडकी उघडली.

"तुम्हाला कसं माहीत, ताई?"

"माझं माहेर आहे हे," म्हणाले आणि हमसून हमसून रडले.

तासाभरात मुलगी झाली. मैत्रिणींची बाळंतपणं माहेरी झाली म्हणजे माहेरच्या गावातल्या दवाखान्यात. माझं खुद्द माहेरच्या स्वयंपाकघरात झालं. आहे कुणाची बिशाद?

आता डॉक्टरीणबाई मोठ्या इमारतीत गेल्यात आणि घरात अभ्यासिका आहे. गेल्या दिवाळीत लेकीला घेऊन गेले. स्पर्धा परीक्षेवाल्या मुली माना खाली घालून बसलेल्या. चालकांनी विचारलं, "कोण पाहिजे?"

हे घर आमचं होतं, असं मी सांगणार, तोच आठ वर्षांची लेक बोलली, "मी इथं जन्मले. माझं घर बघायला आलोय."

मुली हसल्या. सरकून त्यांनी तिला बाकावर जागा दिली, आणि ती ऐटीत बसली. घर कुलूप लावून ठेवलं असतं, तर मी तिला फक्त धूळ दाखवली असती.

अण्णा, विकलंत ते बरं केलंत.