पांढरं तोंड

आमच्याकडं अब्रू गेली की तोंड काळं होतं. माझ्या चुलतभावाचं पांढरं झालं, त्यामुळं अब्रूची शंका घरात कोणालाच आली नाही.

नव्वदीची मधली वर्षं. तो हिंगोलीच्या मोंढ्यातून हळद भरून ट्रक घेऊन लांबलांब जायचा. त्याच्या जिभेवर, टाळ्याला, गालांच्या आतून दही चिकटल्यासारखा थर आला. भाकरीचा तुकडा लागला तरी डोळ्यांत पाणी यायचं. मी कॉलेजातून सुटीला आलो होतो. त्याला शहरात दातांच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरांच्या भिंतीवर बत्तिशीपेक्षा जास्त प्रमाणपत्रं होती. त्यांनी तोंडात पाहिलं, खुर्ची मागं सरकवली आणि मला बाहेर बसवलं. मग रक्त तपासायला पाठवलं. तिथंही मी बाहेरच.

"काय म्हणले?" मी विचारलं.

"उष्णता."

आपल्याकडं उष्णतेसारखा सोशिक आजार नाही. काहीही अंगावर घेते.

काकूला, म्हणजे त्याच्या आईला, उष्णता पटली नाही. तिनं गावच्या जाणत्याला बोलावलं. गळ्यात माळा, मनगटावर बंद पडलेलं घड्याळ. ओसरीवर बसून त्यानं जीभ पाहिली आणि निकाल दिला, "तंबाखूचा चुना हाये. बायकोनं चारला."

नवऱ्याला चुना लावणारी बायको आम्ही बोलण्यातच ऐकली होती. ती खरोखरची सापडली म्हणून सगळ्यांना समाधान वाटलं.

काकूनं चुलीजवळची लोखंडी फुकणी उचलली. पहिला फटका वहिनीच्या खांद्यावर, दुसरा मनगटावर. बांगड्या फुटून काचा रुतल्या.

"सांग, काहून चारला?"

"आत्याबाई, मी न्हाई हो. लेकराची आन!"

"लेकराचं नाव घेऊ नको, रांडे. तू जा आता बापाकडं. लेकरू इथंच ऱ्हाईल."

तोवर विनवणी करत मार खाणारी वहिनी हे ऐकून किंचाळली. "अवो, तुमी तरी सांगा की! उघडा की तोंड!"

भाऊ बोलला नाही. तोंड आलं की बोलवत नाही, हे खरंच. पण अर्धंच खरं.

मी मधे पडलो तर काकांनी मला भिंतीवर ढकललं. "पुस्तकवाल्या, बाजूला हो."

मग उतारा सुरू झाला. भावकीतल्या दोघांनी त्याचे हात धरले, काकांनी डोकं मांडीत दाबलं. जाणत्यानं काथ्याला मीठ आणि तुरटी लावली आणि करपलेलं पातेलं घासावं तशी जीभ घासली. पांढरं निघालं, खाली लाल मांस. भाऊ पाय झाडत होता. रक्त हनुवटीवरून सदऱ्यावर उतरलं.

"निघून राहिला चुना, बराबर निघून राहिला," जाणता म्हणाला.

इकडं काकू घासणीगणिक वहिनीला हाणत होती. एका रोग्यावर दोन उपचार चालले होते.

एक फटका वहिनीच्या कपाळावर बसला आणि ती कोसळली. भावानं ते पाहिलं. त्यानं जाणत्याचं बोट कचकन चावलं आणि रक्त थुंकत म्हणाला, "तिनं न्हाई चारलं काही. मला एड्स हाये. गाडीवर असताना लागली बिमारी."

धरलेले हात एकदम सुटले. जाणता बोट धरून रांजणाकडं पळाला. काकूची फुकणी वरच राहिली. आता ती कोणावर उतरवायची, हे तिला ठरवता येईना.

भावानं भिंतीतल्या देवळीकडं बोट दाखवलं. दाढीच्या डब्यामागं डॉक्टरांनी दिलेली बाटली होती. जांभळं औषध, न उघडलेलं.

"लावलं असतं तर तोंड जांभळं दिसलं असतं. लोकं विचारले असते."

वहिनी उठली. पदरानं कपाळ पुसलं आणि त्याच्या तोंडात अशी मारली की त्याचं डोकं खांबावर आदळलं.

"आन् मला?" तिनं विचारलं. "मलाबी दिली का?"

तिनं दारात रडणारं लेकरू उचलून कडेवर घेतलं. ते कोणी हिसकावलं नाही. मग देवळीतली बाटली घेऊन ती नवऱ्यासमोर बसली, बाटलीचं बूच दातांनी काढलं आणि बोटाला फडकं गुंडाळलं.

"आ करा," ती म्हणाली.