कातळावरची खीर

आमचे साडू ज्या घरात पाऊल टाकतात, त्या घरातली एखादी तरी वस्तू कायमची दुसऱ्या कशाला तरी चिकटते, हे मी लग्न झाल्यापासून स्वतःच्या डोळ्यांनी पाहत आलो आहे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. रत्नागिरीजवळच्या एका कारखान्यात त्यांनी उभी हयात पॉलिमर बनवण्यात घालवली. त्यातले काही चिकटवणारे, काही पाणी पिणारे, तर काही नुसतेच रंगात किंवा सिमेंटात चिमूटभर घालायचे. पॉलिमर म्हणजे काय, असं त्यांना चुकूनही विचारू नये. एका लग्नात पंगतीतल्या कुणीतरी विचारलं, तेव्हा साडूंनी समोरच्या अनोळखी बाईंच्या गजऱ्याकडे बोट रोखून, "एका फुलाला दुसरं, दुसऱ्याला तिसरं, अशी लाखो फुलं, हा तुमचा पॉलिमर," असं खणखणीत आवाजात सुरू केलं. बाई उठून दुसऱ्या पंगतीला गेल्या. तेव्हापासून माझ्या मेहुणीनं, म्हणजे आक्कांनी, त्यांना समारंभात विज्ञान बोलायची बंदी केली आहे, आणि ती ते रोज मोडतात.

माझ्या स्वतःच्या लग्नात मुंडावळ्या सारख्या घसरत होत्या. अंतरपाटाच्या मागे मी एका हातानं त्या सावरतोय हे बघून साडू बोहल्याशी आले आणि खिशातून एक लहानशी कुपी काढली. ती लावायच्या आधी त्यांनी स्पिरिटचा बोळा घेऊन माझं कपाळ घासून एवढं लाल केलं की मुलीकडच्यांना मी रागावलोय असं वाटलं. "चिकटवणं सोपं असतं हो, पृष्ठभाग साफ करणं कठीण," असं त्यांनी भर मंगलाष्टकांत मला सांगितलं. हे वाक्य त्यांनी त्यानंतर मला इतक्या वेळा ऐकवलंय की झोपेतही म्हणून दाखवीन. मुंडावळ्या घट्ट बसल्या. इतक्या घट्ट की सत्यनारायणाच्या पूजेलाही मी त्याच मुंडावळ्यांत बसलो आणि आलेल्या प्रत्येकानं नवऱ्या मुलाला फार हौस दिसते असा शेरा मारला.

चिमूटभर घालायच्या पदार्थांवर तर त्यांचं पोटच्या पोरासारखं प्रेम. चुन्यात काहीतरी घाल, रंगात काहीतरी घाल, असं चालूच असतं. एका दिवाळीला आक्का खळं, म्हणजे घरापुढचं अंगण, सारवायला बसल्या होत्या. सारवण वाळलं की भेगा पडतात, ही त्यांची दरवर्षीची तक्रार. साडूंनी ती मनावर घेतली आणि शेणाच्या पाटीत आपली एक पांढरी दुधाळ बरणी रिकामी केली. भेगा पडल्या नाहीत हे मान्य करायला हवं. पण सारवण काही वाळेचना. फराळाला आलेल्या पाहुण्यांच्या चपला खळ्यात राहिल्या आणि पाहुणे अनवाणी घरी गेले. साडू मात्र प्रत्येक चपलेपाशी उकिडवे बसून ती किती जोर लावल्यावर सुटते हे पाहत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर विलक्षण समाधान होतं.

आमचा मुलगा झाला तेव्हा सगळे नातेवाईक बाळ कुणासारखं दिसतं यावर वाद घालत होते. साडूंनी बाळाकडे ओझरतं पाहिलं आणि वापरलेला डायपर मागितला. नर्सबाई बघतच राहिल्या. त्यातली पावडर त्यांच्याच पॉलिमरच्या जातीची होती म्हणे, स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी पिऊन फुगणारी. "अहो, असलं पाणी धरून ठेवणारं द्रव्य आपण मुलांच्या ढुंगणाखाली ठेवतो आणि झाडं तहानेनं मरतात," असं ते कळवळून म्हणाले. आम्ही सगळे हसलो. साडू हसले नाहीत. ते वाक्य त्यांच्या डोक्यात कुठेतरी जाऊन बसलं होतं, हे आम्हाला फार पुढे कळलं.

माझ्या सासऱ्यांची जयगडच्या वाटेवर कातळाची जमीन आहे. कातळ म्हणजे नुसता काळपट जांभा, त्यावर पावसाळ्यात गवत आणि बाकीचा काळ ऊन. सासऱ्यांनी पहारीनं तिथे खड्डे फोडले, लांबून माती आणून भरली, हापूसची कलमं लावली आणि कावडीनं पाणी घातलं. दर वैशाखात कलमं करपली आणि दर पावसाळ्यात त्यांनी ती पुन्हा लावली. ते गेल्यावर खड्डे तसेच राहिले. जमीन आता तिन्ही भावंडांची, म्हणजे आक्का, माझी बायको आणि त्यांचा धाकटा भाऊ. मेहुणा मुंबईला नोकरीत, माणूस सरळ. एका मे महिन्यात तो आंब्यांना म्हणून आला आणि पडवीत बसल्या बसल्या म्हणाला की बंदराच्या ट्रेलरवाल्यांना गाड्या उभ्या करायला जागा हवी आहे, गिऱ्हाईक दारात आहे, विकून टाकू.

"त्या कातळावर काय पिकतंय गो आक्का? आबांचं आयुष्य गेलं त्यात."

आक्का उठून आत गेल्या. माझी बायको त्यांच्या मागे गेली आणि परत येऊन मला हळूच म्हणाली, "रडत्ये ती." हे साडूंनीही ऐकलं. सबंध आयुष्यात आक्कांच्या डोळ्यांत पाणी आलेलं त्यांनी फारदा पाहिलं नसावं, कारण त्या घरात रडायची पाळी बहुतेक पाहुण्यांवरच येई. साडूंनी आंब्याची कोय ताटात ठेवली, हात न धुताच ते उभे राहिले आणि मेहुण्याला म्हणाले, "एक उन्हाळा दे मला. खड्ड्यांत कलमं लावतो. पाऊस सरल्यावर वरून पाण्याचा थेंब घालणार नाही. पुढल्या मे महिन्यात येऊन बघ. मेली, तर पहिली सही हिची, मी स्वतः करायला सांगेन."

आक्कांच्या वतीनं त्यांनी हे बोलून टाकलं होतं, आणि आक्का दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्या फक्त म्हणाल्या, "आधी हात धुवा."

दुसऱ्या दिवसापासून साडूंनी खटपट सुरू केली. तीच पाणी पिणारी पावडर, पण शेतीसाठी बनवलेली, मातीत मिसळायची. पावसाचं पाणी ती पोटात धरणार आणि उन्हाळाभर मुळांना थोडं थोडं देणार. किती घालायची हे ठरवायला त्यांनी ओट्यावर पेल्यांची रांग मांडली आणि विहिरीचं पाणी ओतून प्रयोग केले. पावडर फुगायची, पण त्यांना हवी तेवढी नाही. "माल मंद आहे," असं म्हणून त्यांनी प्रमाण वाढवलं. चमच्याची वाटी झाली, वाटीचा वाडगा झाला. पावसाळा सुरू होऊन माती भिजली तशी आम्ही सगळ्यांनी मिळून कलमं लावली, आणि साडू प्रत्येक कलमापाशी क्षणभर हात जोडून उभे राहिले.

आषाढात एका सकाळी तिथला गडी धावत घरी आला. "दादानू, लवकर चला, कलमां खड्ड्यातना भायेर आलीत!" आम्ही जाऊन पाहिलं तर खरंच. प्रत्येक खड्ड्यातून पांढरं, थरथरणारं, दाणेदार काहीतरी उतू जात होतं आणि त्यावर कलमं तिरकी तरंगत होती. सबंध कातळावर कुणीतरी साबुदाण्याची खीर करायला ठेवून विसरून गेलं होतं जणू. मऊ जमिनीत ती पावडर आजूबाजूला पसरली असती. इथे चारी बाजूंनी दगड, त्यामुळे तिला वर येण्याखेरीज वाटच नव्हती. गडी कमरेवर हात ठेवून म्हणाला, "ही बाग हाय का हलवायाचं दुकान?"

वाटेनं जाणाऱ्या कुणीतरी फोटो काढला आणि संध्याकाळपर्यंत तो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला. मेहुण्यानं हसण्याची चिन्हं टाकून खाली लिहिलं, "आक्का, बघितलंस ना?" आक्का त्या ग्रुपवर सकाळच्या नमस्कारापलीकडे काही लिहीत नाहीत. सारवणाच्या त्या प्रकारानंतर त्यांनी साडूंच्या बरण्यांना घरात जागाही दिली नव्हती. त्यांनी चष्मा लावला आणि एकेक अक्षर शोधत उत्तर टाकलं, "उन्हाळा अजून यायचाय."

साडू पडवीत खांबाला टेकून बसले होते. एवढा गप्प माणूस मी त्यांच्या जागी कधी पाहिला नव्हता. वीज गेलेली, पंप बंद, म्हणून आक्कांनी पागोळीखाली ठेवलेल्या हंड्यातलं पाणी घेऊन चहा टाकला होता. साडूंनी एक घोट घेतला, कपाकडे पाहिलं, पुन्हा एक घोट घेतला.

"आज चहा चांगला कसा झालाय गो?"

"रोज वाईट असतो होय?" आक्का म्हणाल्या. "पावसाचं पाणी आहे."

साडूंनी कप ठेवला आणि स्वतःच्या कपाळावर असा हात मारला की कुत्रं उठून पळालं. त्यांचं घर खाडीकाठी. वैशाखात खाडीचं पाणी झिरपतं आणि विहीर मचूळ होते, ती भर पावसाळ्यापर्यंत तशीच राहते. मिठाच्या पाण्यात ही पावडर पोट भरून पीत नाही, हे साडूंनी कारखान्यात नव्या पोरांना कितीदा शिकवलं होतं. आणि स्वतः मात्र मचूळ पाण्यात माप ठरवून बसले होते. आकाशातून पडणाऱ्या पाण्यात मीठ नसतं, हे रसायनशास्त्रात पदवी घेतलेल्या माणसाला चहा प्यायल्यावर कळलं. "गाढव आहे मी," असं ते मोठ्यानं म्हणाले. आक्कांनी हो म्हटलं नाही, यावरून प्रसंग किती गंभीर होता ते लक्षात यावं.

मग डोक्यावर प्लास्टिकचे कागद घेऊन आम्ही ती खीर उपसली. घमेली, बादल्या, करवंट्या, जे हाताला लागेल त्यानं. आक्काही आल्या, पदर खोचून. एकेका खड्ड्यातली माती काढून, धुऊन, नव्यानं भरली, आणि या वेळी माप पावसाच्या पाण्यात काढलं. साडूंचं वय तेव्हा सत्तरीच्या घरात. कंबर धरली की ते उभे राहून दोन शिव्या देत, त्याही स्वतःलाच, आणि पुन्हा वाकत.

पाऊस सरला आणि खरी परीक्षा सुरू झाली. साडू रोज स्कूटरवरून कातळावर जात आणि छत्री उघडून नुसते बसत. पाणी घातल्याचा संशय कुणाला येऊ नये म्हणून पिण्याची बाटलीसुद्धा बरोबर नेत नसत. तहान लागली की वाटेवरच्या शेवटच्या घरी जाऊन पीत. कपाळावरचा घाम कलमावर पडेल म्हणून चार पावलं मागे सरून पुसत, हे मी स्वतः पाहिलंय. एप्रिलमध्ये एकदा त्यांना घेरी आली. गड्यानं त्यांना घरी आणलं. आक्का खूप बोलल्या, जमीन गेली खड्ड्यात म्हणाल्या, तुम्ही मला हवे आहात म्हणाल्या. साडूंनी सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी डोक्याला ओला पंचा गुंडाळून पुन्हा गेले. कातळाच्या हद्दीवर तो पंचा काढून ठेवला, कारण त्यात पाणी होतं.

मे महिन्यात मेहुणा आला. साडूंनी त्याला आधी मेलेली कलमं दाखवली. ती थोडी नव्हती. मग उरलेली दाखवली. लाल पालवी आलेली, उन्हात उभी. मेहुण्यानं एका कलमाशी गुडघे टेकले आणि मातीत हात घातला. कोपरापर्यंत हात गेला असेल. हात बाहेर काढला तेव्हा बोटांना ओली माती होती आणि तिच्यात ते दाणे चमकत होते. 

"आबांना हे मिळायला हवं होतं, भावोजी," तो म्हणाला. "नको विकायला."

आक्का तिथेच खाली बसल्या. त्या दिवशी साडूंनी विज्ञानावर एक अक्षरही काढलं नाही.

या थंडीत त्यातल्या एका कलमाला मोहर आला. लहानसंच झाड, आणि त्यावर एक भरगच्च तुरा. आम्ही सगळे बघायला गेलो. साडूंना आता कातळ चढवत नाही. एका बाजूनं गड्यानं धरलं, दुसऱ्या बाजूनं मी. कलम लहान असताना मोहर ठेवत नाहीत. फळाच्या नादात झाडाची ताकद जाते आणि मुळं वरच राहतात. पहिली काही वर्षं मोहर दिसला की खुडायचा, हे कोकणात शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. आक्कांनाही ठाऊक होतं. तरी त्या म्हणाल्या, "राहू दे हो हा एक. एखादा आंबा धरला तर काय होतंय? तुम्ही खाल तरी."

साडू हसले. पावडर काही वर्षांनी मातीत विरून जाणार आहे, तोवर मुळांनी दगडातली फट शोधायला हवी, हे ते आम्हाला अनेकदा सांगून चुकले होते. स्वतःच्या तब्येतीचं डॉक्टर काय म्हणाले, तेही आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मी समुद्राकडे पाहू लागलो. राहू दे, असं मलाही म्हणावंसं वाटत होतं.

साडूंनी माझ्या खांद्यावरचा हात काढला, वाकले आणि मोहर देठापासून खुडला. तो आक्कांच्या हातात देऊन म्हणाले, "वास घे."

आक्कांनी घेतला.

"पुढल्या वर्षीही खुडायचा," ते म्हणाले. "मी असलो नसलो तरी."