दोन्हीकडचा ताळा

पाथर्डी तालुक्यातल्या एका शाळेत वैजनाथ सर गणित शिकवायचे आणि त्यांचा एकच घोशा असायचा. पहिल्या समीकरणातून एक्सची किंमत वायमध्ये मांडा, ती दुसऱ्यात एक्सच्या जागी ठेवा, वाय सुटतो. मग आलेलं उत्तर दोन्ही समीकरणांत घालून ताळा घ्या. एकातच ताळा घेणाऱ्याची सर पार सालटी काढत.

दहावीतली पंकजा मात्र कधी त्यांच्या तावडीत सापडली नाही. लई नेटकी पोर. सरांचा तिच्यावर फार जीव होता, आणि ते लपवणं काही त्यांना जमत नव्हतं.

दिवाळी झाली आणि तिचा बाप भिमाजी शाळेत आला. ऊसतोडीला कोयता धरायचा म्हणजे नवराबायकोची जोडी लागते. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळ्या बांधायच्या. एकट्याला टोळीत कोण घेतो? यंदा बायकोचं पोटाचं ऑपरेशन झालेलं, म्हणून तिच्या जागी पंकजाला न्यायचं होतं. तो सरांना विचारायला आला होता. सर नको म्हणाले असते, तर थांबलाही असता बिचारा.

पण सरांनी खडू उचलला. टोळी जाणार होती त्या श्रीगोंद्याकडच्या कारखान्याचा पट्टा दरवर्षी फेब्रुवारीअखेर पडतो, म्हणजे हंगाम संपतो. बोर्डाचा पहिला पेपर पंधरा मार्चला.

"पंधरा दिवस हातात राहतात. पुस्तकं बरोबर दे, पोर पास होईल," सर म्हणाले.

शाळेच्या बाजूनं ताळा बरोबर आला. औंदा शिवारात ऊस किती उभा आहे, हे मात्र त्यांनी कारखान्याकडं कुणाला विचारलंच नाही.

मार्च उजाडला तरी ऊस संपेना. चौदा तारखेला सर मोटारसायकल काढून थेट उसाच्या फडात गेले. पंकजाच्या डोक्यावर मोळी होती. भिमाजीनं मान खाली घातली.

"सर, आता ही गेली तर मला टोळीत ठिवत न्हाईत. तुमीच गनित मांडून दिल्तं."

सर आले तसे परत गेले, आणि वाटेत गाडी थांबवून रडले.

पट्टा पडला तो मे महिन्यात. जुलैच्या परीक्षेचा फॉर्म घेऊन सर तिच्या घरी पोचले, तर दारात मांडव. सोळा पुरी नव्हती पोर, पण विचारतो कोण! पुढल्या हंगामाला ती नवऱ्याच्या कोयत्याला जाणार होती. सर भिमाजीशी भांडले, पाया पडायचे तेवढे राहिले. काही उपयोग झाला नाही.

निघताना पंकजानं आतून वही आणली. फडावर पाचटाच्या कोपीत, त्या वाळल्या पाल्याच्या झोपडीत बसून तिनं सगळी उदाहरणं सोडवली होती.

"दोन्हीकडं ताळा घेतलाय, सर. तेवढं तपासून ठिवा."

सरांनी रात्रभर बसून वही तपासली. एकही चूक नव्हती.

सर अजून शिकवतात. एकाच समीकरणात ताळा घेऊन वही पुढं करणाऱ्या पोराला ते आता रागवत नाहीत.