जी गळती मी दोनदा बंद केली

न गळणारं इंजिन मी दोनदा खोललंय. दोन्ही वेळा तेच इंजिन. आणि दोन्ही वेळा बिलावर सुवाच्य अक्षरात लिहून दिलंय, 'गळती बंद केली. ग्यारंटी.' तेव्हा मी एकसष्ट वर्षांची होते. कोवळं वय! अक्कल यायची होती, पण ती आली नाही हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

लातूरला आमचं पंप आणि डिझेल इंजिन दुरुस्तीचं दुकान. यजमान गिऱ्हाईक सांभाळायचे, पाना माझ्या हातात. विहिरीवरचं कुठलंही इंजिन मी आवाजावरून ओळखायचे, आणि ओळखते हे सगळ्यांना सांगायचेही. अशा बाईकडे अप्पा आले. अप्पांची डाळमिल. त्यांनी नांदेड रस्त्याच्या आतल्या एका धरणावर बोटिंगचा ठेका घेतला होता, आणि गोव्याहून एक जुनी वॉटर स्कूटर आणली होती. पाण्यावर पळणारी मोटारसायकल समजा. ज्या लातूरनं प्यायचं पाणी रेल्वेनं आलेलं पाहिलं, तिथल्या माणसाला पाण्यावर पळायची हौस!

"आक्का, बुडाशी तेल साचून राहिलंय," अप्पा म्हणाले. "लई बघितलं, कुठून येतंय कळंना."

"मी बघते की," मी म्हटलं. वॉटर स्कूटर मी तोवर फक्त फोटोत पाहिली होती.

रविवारी धरणावर गेले. स्कूटर चालवायला बाबूराव होता. पन्नाशीचा, मासेमारी करणाऱ्या घरातला, पाण्यातच वाढलेला माणूस. त्यानं एक फेरी मारून दाखवली आणि सीट उचललं. सीटखाली इंजिन, इंजिनाखाली खळगा. उडून आत आलेलं पाणी त्या खळग्यात साचतं. त्याला बिल्ज म्हणतात. पाण्यावर पिवळं, चकचकीत तेल तरंगत होतं. इंजिनातलं तेल नुकतंच बदललेलं, म्हणजे तेही पिवळंच. माझ्या दृष्टीनं विषय संपला.

गरम इंजिनावर वाकले, तर भज्यांचा खमंग वास आला. काठावर शांताबाईचा भज्यांचा गाडा होता.

"करडीच्या तेलात तळते बाई," मी बाबूरावला ऐटीत म्हटलं. "माझं नाक कधी चुकत नाही."

नाक खरंच चुकलं नव्हतं. बाकीचं डोकं चुकलं.

स्कूटर टेम्पोत घालून दुकानात आणली. वरच्या झाकणाचं गॅस्केट बदललं. गॅस्केट म्हणजे दोन लोखंडांच्या मधली गादी. ती वाळली की फटीतून तेल झिरपतं. मग चाचणी. हे इंजिन धरणाच्या पाण्यानं गार होतं, त्यामुळे जमिनीवर त्याला नळी लावावी लागते. आधी इंजिन सुरू, मग पाणी. बंद करताना आधी पाणी, मग इंजिन. उलटं केलं तर पाणी धुराच्या वाटेनं इंजिनात शिरतं. एवढं मी वाचून काढलं होतं. खाली वर्तमानपत्र पसरलं. एक थेंब नाही. ग्यारंटी लिहिली आणि शुक्रवारी स्कूटर धरणावर पाठवली.

रविवारी दुपारी अप्पांचा फोन. "आक्का, तेल हाय."

पुन्हा गेले. तेल होतं. भज्यांचा वासही होता. स्कूटर कशी चालवतोस, कुठं कुठं नेतोस, सगळं बाबूरावला खोदून विचारलं.

"ह्या बाबूरावानं दगडावर घातली असंल," अप्पा म्हणाले.

"न्हाई मालक," बाबूराव म्हणाला. "मला ह्या पाण्यातला दगडन् दगड ठाऊक हाय. माझ्या बापानं दाखवलेले हायेत."

मी काय म्हणावं? 'अप्पा, माझंच कुठंतरी चुकलं असेल' एवढं म्हणता आलं असतं. पण मी म्हटलं, "तळाला मार बसला असला तर मागचं सील गेलं असणार." एकसष्टची ती शहाणी बाई! तिचा कान धरायला हात शिवशिवतो, पण तो माझाच कान.

या वेळी अख्खं इंजिन बाहेर काढलं. इंजिनाचा फिरणारा दांडा, म्हणजे क्रँक, जिथून बाहेर येतो त्या तोंडाशी रबराची कडी असते, तिला सील म्हणतात. ती बदलली. जुनं तेल काढून पिंपात ओतलं. किती निघालं, ते बघितलंसुद्धा नाही. ही ओळ नीट वाचा, पुढं कामाची आहे. नवं तेल भरलं. चाचणी कोरडी. ग्यारंटी नंबर दोन.

रविवारी फोन. "आक्का, आता बास. पुढच्या ऐतवारी तेल दिसलं तर मशीन भंगारात, अन् बाबूराव घरी."

त्या रात्री जेवण गेलं नाही. मशीनचं जाऊ द्या. पण माझ्या 'मार बसला असणार'वर एका माणसाची नोकरी चालली होती.

पुढच्या शनिवारी सकाळीच मी धरणावर हजर. इंजिन पुसून कोरडं केलं आणि त्यावर टाल्कम पावडर भुरभुरली. ही जुनी युक्ती. तेल जिथून निघेल तिथून पावडरीत ओघळ उमटतो. बाबूरावनं एक फेरी मारली. पावडर स्वच्छ. सीट लावून मी त्याला घेऊन चहाला गेले. तेवढ्यात अप्पांची जीप आली. ते स्कूटरपाशी गेले, सीट उचलून काहीतरी बघितलं, हात जोडले आणि ऑफिसात गेले.

दुसरी फेरी. स्कूटर काठाला लागली आणि भज्यांचा वास आला.

मी गाड्याकडे पाहिलं. गाड्यावर ताडपत्री. शांताबाई लेकीकडे मुरुडला गेलेली.

सीट उचललं. पावडरीत ओघळ होता, पण निघाला होता झाकणाच्या पार माथ्यावरून. तिथं ना सांधा, ना सील. तेव्हा कुठं मला ती दांडी ओढायची बुद्धी झाली, जिच्यावर इंजिनातलं तेल मोजतात. शेतावरचा कुठलाही गडी आधी तीच ओढतो. तेल काठोकाठ, एक रेघही कमी नाही. मग मी ओघळाला बोट लावलं आणि चाटलं.

करडी!

"अप्पाऽ!" मी ओरडले. "इंजिनावर तेल कुणी ओतलं?"

अप्पा बाहेर आले. हातात पळी. "मीच की. शनवारचं वाटीभर वाहतो. मिलमधल्या मोटारीला बी वाहतो. लोखंड हाय, त्यात पाण्यावरचं."

"मग सांगायचं नाही? मी इंजिन दोनदा खोललं!"

"तुम्ही कुठं इचारलं? बाबूरावाला इचारत होत्या." मग त्यांना उमगलं. पळीकडे बघत म्हणाले, "हे तेच तेल हाय व्हय?"

वाटीभर तेल पाण्यावर पसरलं की घागरभर दिसतं, हे मला नव्यानं कळलं. मी बाबूरावकडे वळले. "तू तरी बोलायचंस!"

"मला वाटलं, मालक इंजन तपासून राहिले. मालकाला कोण इचारणार?"

अप्पांनी बाबूरावच्या खांद्यावर हात ठेवला, खाकरले, आणि स्कूटरची किल्ली काढून त्याच्या हातात दिली. माफी मागायची पद्धत प्रत्येकाची वेगळी. शनिवारचं तेल तेव्हापासून धक्क्यावरच्या लोखंडी खांबाला जातं. खांब झकास आहे, कुठं गंज नाही. स्कूटरही पुढं चालली.

मी शिकले ते एवढंच. गळती शोधण्याआधी तेल कमी झालंय का ते बघावं, आणि प्रश्न नोकराला विचारायच्या आधी मालकाला विचारावा.

पुढच्या रविवारी शांताबाईनं मला गाड्यापाशी बसवलं, पुढ्यात भज्यांचा कागद ठेवला, आणि सगळी हकीकत ऐकून म्हणाली, "आक्का, इतक्यांदा आलात अन् लांबून वासच घेत बसलात. एक भजं खाल्लं असतं तर तवाच कळलं असतं की, मी सोयाबीनच्या तेलात तळते."